सिंबलचं शेपूट

गोंगाट कशाला म्हणायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

मला खरोखर उत्तर हवं आहे. माझ्या ओळखीतली भली माणसं हेवी मेटलचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. हीच माणसं चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतून स्कूटरवर जातात, दोन्ही बाजूंच्या शेडमधून पॉवर प्रेसचे ठोके पत्र्यावर पडत असतात, आणि ती मागे बसलेल्या बायकोशी भेंडीच्या भावाबद्दल बोलत असतात. त्या ठोक्यांना कोणी गोंगाट म्हणत नाही. ते उत्पादन असतं. तोच पत्रा, तोच ठोका, पण चार तरुण पोरांनी आपल्या मर्जीने वाजवला की संस्कृती बुडते.

हा राग माझ्या डोक्यात वर्षभर असतोच. पण या दिवसांत तो वर येतो, कारण फुटपाथवर कोहळ्यांचे ढीग लागतात. परवा आयुधपूजा. तुमच्याकडे त्याच दिवसाला खंडेनवमी म्हणतात. तिकडे तलवारीपेक्षा पाना-हातोडीची पूजा आता जास्त होत असेल. आमच्या चेन्नईत तर हा सरळ यंत्रांचा सण आहे. शहरबसच्या तोंडाला केळीचे खुंट बांधलेले असतात आणि बस वळली की ती लांब पानं सिग्नलवर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून फिरतात. रिक्षांच्या काचेवर चंदनाचे ठिपके, चाकाखाली लिंबं. दर कारखान्याच्या फाटकापुढे कुंकू भरलेला कोहळा आपटून फोडतात, रस्ता लाल-पांढरा आणि निसरडा होतो. हवेत ईशान्येच्या पावसाचा दमट वास, कापूर आणि मशीनचं तेल. आणि सगळ्यांच्या हातात चुरमुरे-डाळव्याच्या पुड्या.

त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुन्हा पूजा करून उचलायची. त्यामुळे वर्षातून एकदाच अंबत्तूर गप्प असतं. रविवारी नसतं, दिवाळीच्या आधी तर नसतंच नसतं. आयुधपूजेच्या दुपारी मात्र वसाहतीत नळाचं ठिबकणं ऐकू येतं.

त्या एका वर्षी आम्हाला नेमकी तीच शांतता हवी होती.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगते. आमच्या घरी तंजावरची मराठी बोलतात, तमिळच्या हेलात, आणि ती तुम्ही ऐकली तर अर्धी कळेल. लिहायची मराठी मी अप्पांकडे सोलापूरहून टपालाने येणाऱ्या कामगार पत्रकांवर शिकले. अप्पा, म्हणजे माझे वडील, अंबत्तूरच्या एका कारखान्यात कारकून होते आणि संध्याकाळी घरच्या पडवीत पत्रकं घडी करत. तमिळ पत्रकं त्यांची, मराठी सोलापूरच्या मित्रांची. इतर मुलं चित्रं रंगवायची, मी 'सुरक्षा साधने हा उपकार नव्हे, हक्क आहे' अशी वाक्यं रंगवायचे. अशा घरात वाढलेल्या मुलीला हेवी मेटल आवडलं, यात मला कधीच आश्चर्य वाटलं नाही. दोन्हींत कुजबुजून बोलायची सोय नसते.

माझा चुलतभाऊ कार्तिक वेलचेरीत राहतो, संगणकाच्या कंपनीत काम करतो आणि गिटार वाजवतो. त्याने मला ओढलं. बँडला तमिळ गाणी हवी होती आणि लिहिणारं कोणी नव्हतं. मी लिहून नेली. बँडची गायिका भारती, आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. दिवसभर मुलांना "हळू बोला" सांगायची आणि रविवारी पोटातून अशी डरकाळी काढायची की शेडच्या पत्र्यावरचे कावळे उडून जायचे. तिने माझा कागद वाचला आणि म्हणाली, "हे गाणं कुठंय? ही तर नोटीस आहे."

तमिळमध्ये पत्रकाला नोटीसच म्हणतात. माझं नाव तेव्हापासून नोटीस पडलं.

"बदलू का?" मी विचारलं.

"राहू दे. मी ओरडणारच आहे. कोणाला शब्द कळणारेत?"

"मला कळतील," मागून सेल्वा म्हणाला. "तिचं तोंड बघून."

तेव्हा आम्ही हसलो. सेल्वा ड्रम वाजवायचा. बँडचं नाव त्यानेच ठेवलेलं, अळुत्तम, म्हणजे दाब. त्याच्या मामांचा पॉवर प्रेसचा छोटा कारखाना होता. वॉशर, ब्रॅकेट, पंख्याची झाकणं. शाळा सुटल्यापासून सेल्वा तिथे प्रेसवर होता. कारखान्यामागे पोती ठेवायची एक खोली होती, त्यात मामांनी मोठ्या मनाने ड्रम ठेवू दिले होते. मोठ्या मनाने हे मी उपरोधाने लिहीत नाही. मामा भले गृहस्थ होते. कामगारांना सणाला आपल्या हाताने वाढायचे. पण कानात घालायच्या बोळ्यांचा विषय काढला की म्हणायचे, "आवाजाला घाबरणाऱ्याने तांदळाचं दुकान काढावं." आणि प्रेसवरच्या लोकांनाही ते पटायचं, कारण डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, तुटण्याआधी ठोक्याचा आवाज बदलतो. कान झाकले तर तो बदल कळणार कसा? कानांनी काम करायचं आणि कामाने कान खायचे, अशी ती रीत होती.

सेल्वाचं दुखणं आधी विनोद म्हणून आलं. मागच्या खोलीत संध्याकाळी डासांनी आम्ही हैराण व्हायचो आणि तो शांत बसायचा. "मला डास चावतात," तो म्हणायचा, "पण गात नाहीत." मग कार्तिकच्या लक्षात आलं की फोन वाजला तरी सेल्वा वळत नाही. भारती त्याला कान तपासायच्या शिबिरात घेऊन गेली. तिथे मिळालेला आलेख तिने आम्हाला दाखवला: खर्जाकडे रेघ सरळ चालत होती आणि तार स्वरांकडे पोचली की दरीत कोसळत होती. डॉक्टरीणबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं होतं. गेलं ते परत येत नाही. आहे ते सांभाळता येतं.

घरच्यांनी निदान आधीच केलेलं होतं. सेल्वाची आई म्हणाली, ते ढोल बडवणं बंद कर. मामा म्हणाले, ते इंग्रजी गाण्याचं खूळ सोड, कान आपोआप उघडतील. आठवड्याचे सहा दिवस प्रेस आणि एक दिवस दोन तास ड्रम, तेही भारतीने आणून दिलेले बोळे घालून. आणि आरोपी कोण, तर मेटल. मी उसळले. मी तिथल्या तिथे मामांना सुनावलं, कागदावर लिहूनही दिलं. मामांनी तो कागद आदराने घेतला, घडी घातली आणि देवाच्या फोटोमागे ठेवून दिला.

सेल्वा मात्र भांडला नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती. ड्रमच्या बाजूला उभ्या दांड्यावर पितळी थाळी असते, सिंबल. तिच्यावर काठी मारली की आधी स्फोट होतो आणि मग बराच वेळ एक सळसळ हवेत उरते, बारीक होत होत विरते. सेल्वा तिला शेपूट म्हणायचा. ते शेपूट त्याला दर महिन्याला थोडं आखूड ऐकू येत होतं.

"अजून थोडं येतंय," तो म्हणाला. "ते येतंय तोवर अल्बम करायचा. माझी सिंबल मला ऐकू येते तशी एकदा ठेवून द्यायची आहे."

आणि शेजारच्या शेडमध्ये प्रेस चालू असताना ती त्याला अजिबात ऐकू यायची नाही. स्टुडिओत जायची आमची ऐपत नव्हती. म्हणून आयुधपूजेचा दिवस. कार्तिकने माइक जमवले, संगणक आणला, मी गाणी पाठ केली होती तरी पुन्हा उतरवून आणली. आम्ही सकाळी खोलीत शिरलो आणि थांबलो.

सेल्वाच्या आईने पहाटे येऊन पूजा मांडली होती. प्रत्येक ड्रमवर चंदन-कुंकवाचा ठिपका, सिंबलच्या दांड्याला शेवंतीचा हार, पेडलवर लिंबू. काठ्या देवापुढे, डाय, हातोडे आणि मोजपट्ट्यांच्या ओळीत. कार्तिकची गिटार आदल्या संध्याकाळपासून तिथेच होती, तिलाही ठिपका. एवढंच नव्हे तर कार्तिकने टेबलावर बॅग ठेवून हात धुवायला पाठ फिरवली, तेवढ्यात माउलीने त्याच्या संगणकालाही कुंकू लावलं.

वर्षातला एकच दिवस जेव्हा शांतता असते, आणि त्याच दिवशी कशालाही हात लावायचा नाही. हे आमच्यापैकी कोणालाच आधी सुचलं नव्हतं. जन्म या शहरात गेला, दर वर्षी चुरमुरे खाल्ले, पण ड्रम हे हत्यार आहे हे आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. सेल्वाच्या आईच्या डोक्यात ते स्वच्छ होतं. जो ढोल बंद कर म्हणून ती वर्षभर ओरडत होती, त्याला तिने गंध लावलं होतं.

मी अर्थातच म्हणाले की वाजवू या. यंत्राला देव करण्याच्या मी विरुद्ध आहे, तेव्हाही होते. "यंत्रांना कुंकू," मी म्हणाले, "आणि यंत्राने ज्याचे कान खाल्ले त्याला काय?"

"मला चुरमुरे," सेल्वा म्हणाला आणि पुडी माझ्यापुढे धरली.

"सेल्वा, मी थट्टा करत नाहीये."

"मीपण नाही, अक्का. त्या काठ्या वर्षभर मार खातात. आज नको मारू त्यांना." मग जरा थांबून म्हणाला, "आणि माझ्या कानांनाही हीच एक सुट्टी असते. बाहेर ये, ऐक."

आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. मला अजूनही वाटतं की माझं म्हणणं बरोबर होतं, आणि तरी त्या दिवशी मी जिंकले असते तर फार वाईट झालं असतं. कारण मग ती दुपार झाली नसती.

वसाहतीच्या कोपऱ्यावर मामांनी पूजेसाठी लाउडस्पीकर लावला होता. पहाटेच्या पूजेला त्यावर देवाची गाणी लागली, मग ती बंद झाली. दुपारी जेवणं झाली, स्पीकरवाला सावलीत लवंडला आणि स्पीकर नुसताच खरखरत राहिला. भारतीने त्याच्याकडे पाहिलं.

"वाजवायचं नाही. ऐकायचं तर चालेल ना?"

"स्पीकर हत्यार नाही कां गो?" कार्तिक मला आमच्या मराठीत म्हणाला. "त्यालाही कुंकू असेल की."

शास्त्रार्थ सुरू झाला. फोन हत्यार आहे का? कार्तिकचा असेल, कारण तो त्यावर काम करतो. भारतीचा नाही, तिचं हत्यार खडू. शेवटी सेल्वाच्या आईने निकाल दिला. "स्पीकर भाड्याचा आहे. आपला नाही. त्याची पूजा त्याचा मालक करेल. आणि पहाटे देवाचं काम केलंय, तर थोडं तुमचंही करू दे." मग पुढे म्हणाली, "पण हळू लावा."

हळू लावायची सोय मेटलमध्ये नसते. त्या दुपारी आम्ही त्या वर्षी चेन्नईत निघालेले तीन अल्बम भाड्याच्या भोंग्यावरून, रिकाम्या वसाहतीला, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवले.

पहिला आवडी उपनगरातला. संरक्षण खात्याच्या क्वार्टर्समधल्या पोरांचा बँड, अल्बमचं नाव 'इरंडावदु संगु', दुसरा भोंगा. पाळी बदलताना दोन भोंगे होतात; पहिल्याला उठायचं, दुसऱ्याला फाटकाच्या आत असायचं. सगळा अल्बम त्या दोन भोंग्यांमधल्या वेळेचा आहे. संथ, इतका संथ की गिटारचा एक स्वर पडला की पुढचा येईपर्यंत माणूस सायकल काढून फाटकापर्यंत जाऊन येईल. आणि त्या संथपणात केवढी भीती. मी वडिलांना असं चालताना पाहिलं आहे, उशीर झालेला असताना न पळता. पळालं तर उशीर मान्य केल्यासारखं होतं. त्या पोरांनी ते चालणं वाजवलं होतं. भारती अख्खा वेळ गुडघ्यात डोकं घालून बसली होती. ती त्या क्वार्टर्समधली होती, तिला कोणते भोंगे ते वेगळं सांगावं लागत नव्हतं.

दुसरा वेलचेरीचा, 'तरै तळम', म्हणजे तळमजला. हा एकदम उलटा. वेगवान, ओला, धाप लागलेला. वेलचेरीत पाणी भरतं तेव्हा वरचे मजले गच्चीवरून फोटो काढतात आणि तळमजला गादी डोक्यावर घेऊन जिन्यात उभा राहतो. या अल्बममध्ये गाणी एकमेकांत शिरतात, एकाचं पाणी दुसऱ्यात जातं. मधल्या एका गाण्यात ड्रम थांबतात आणि फक्त बेस गिटार उरते, गढूळ, वर वर येणारी, मग कोणीतरी अगदी साध्या, घरगुती आवाजात विचारतं, "अम्मा, फ्रीज उचलायचा का?" आणि सगळा बँड अंगावर कोसळतो. कार्तिक तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्या ओळीला त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गाण्याने माणसाला मजला विचारावा, यापरतं मोठं काम मला तरी ठाऊक नाही.

तिसरा उत्तरेकडच्या खाडीवरचा. मच्छीमार वस्तीतल्या दोन भावांनी घरात बसून केलेला, 'सांबल', राख. तिकडे होडीवर, वाळत घातलेल्या मासळीवर, दोरीवरच्या शाळेच्या शर्टांवर वीज केंद्राच्या धुराड्यांची राख बसते. ध्वनिमुद्रण इतकं कच्चं की सुरुवातीला वाटतं यंत्र बिघडलंय. मग कळतं की ती खरखर मुद्दाम आहे, सगळ्या स्वरांवर बसलेली राख आहे, आणि तिच्याखाली एक चाल आहे, होडी ढकलताना म्हणतात तशी. ती चाल कधी स्वच्छ होत नाही. ते दोघे तुम्हाला ती पुसून देत नाहीत. पुसायचं काम ऐकणाऱ्याचं. सेल्वाची आई भांडी आवरता आवरता या अल्बमला थांबली आणि म्हणाली, "हे कोणीतरी मेल्यावर म्हणतात तसं आहे." आम्ही कोणी तिला हे मेटल आहे असं सांगितलं नाही.

मला मेटलमध्ये काय आवडतं, असं कोणी विचारलं तर मी ती दुपार सांगते. ज्या आवाजांनी आमचं आयुष्य भरलेलं असतं ते आवाज या पोरांनी उचलले, त्यांना नावं दिली, त्यांना सुरुवात आणि शेवट दिला. भोंगा आपल्यावर होतो, पाणी आपल्यावर येतं, राख आपल्यावर पडते. अल्बम आपण करतो. अप्पांची पत्रकं याहून वेगळं काही सांगत नव्हती. फक्त त्यांना ड्रम नव्हते.

ते तीन अल्बम संपले. मग सेल्वा म्हणाला, "उद्या सकाळी. मशीन सुरू व्हायच्या आधी."

दसऱ्याच्या सकाळी त्याच्या आईने पूजा उतरवली आणि काठ्या त्याच्या हातात दिल्या. वसाहत अजून झोपलेली होती. माणसं साधारण नेहमीच्या वेळेला येतील, मामा नऊच्या सुमारास प्रेसला पहिला ठोका देतील, तोवर आपलं उरकेल, असा हिशेब होता. गाणी भराभर झाली. सेल्वाने कानातले बोळे काढून ठेवले होते. मी नको म्हणाले, भारतीही म्हणाली. "आजच्या दिवस," तो म्हणाला. शेवटचं गाणं उरलं. त्याचा शेवट असा बांधला होता की सगळं थांबायचं, एक श्वास शांतता, मग सिंबलवर एकच घाव, आणि ते शेपूट पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही.

आमच्यासमोर भिंतीवर रोजचं पान फाडायचं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर दर दिवसाची चांगली वेळ छापलेली असते. चेन्नईत दसऱ्याचं पहिलं काम त्या वेळेशिवाय कोणी करत नाही, आणि त्या दिवशीची वेळ सकाळी लवकर होती. आमच्यापैकी एकानेही त्या पानाकडे पाहिलं नव्हतं. भारती विज्ञानवाली, कार्तिक संगणकवाला, मी अशी. आणि सेल्वाला वाटलं, एवढ्या शिकलेल्यांनी पाहिलं असेलच.

गाण्याच्या मध्यावर, पलीकडे, मामांनी नारळ फोडून प्रेसला पहिला ठोका दिला.

जमीन हलली. कार्तिकचा हात गिटारवर अडखळला, भारतीचा आवाज तुटला. सेल्वा थांबला नाही. त्या प्रेसवर त्याची इतकी वर्षं गेली होती की ठोका आल्यावर पुढे काय करायचं हे त्याच्या खांद्यांना माहीत होतं. त्याने त्या ठोक्यालाच पहिली मात्रा धरलं आणि तिथून गाणं उचललं. दोघं गाण्यात धावत त्याच्यामागे गेले. शेवट आला, शांतता आली, घाव आला. पलीकडे मामा कापूर ओवाळत होते म्हणून दुसरा ठोका पडला नाही. शेपूट पूर्ण विरलं. सेल्वाने डोळे मिटले होते. ते त्याला कुठपर्यंत ऐकू आलं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही.

मामा प्रसाद घेऊन आले आणि माइक पाहून ओशाळले. "काय रे, नासवलं का मी?"

"ऐका ना मामा," कार्तिक म्हणाला आणि त्याने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले.

मामा खुर्चीवर बसून लांबच्या नातेवाइकाच्या लग्नात बसावं तशा सोशिकपणाने ऐकायला लागले. भारतीच्या डरकाळीला त्यांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी मान डोलावली. ड्रमच्या वेगाला पायाचा अंगठा हलला. आणि मग तो ठोका आला. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन ओरबाडून काढले.

"हे काय होतं?"

"तुमचा प्रेस, मामा."

"आवाज वाढवलास तू."

"नाही मामा. कमी केलाय."

मामा हेडफोन मांडीवर धरून बसले. मग त्यांनी सेल्वाकडे पाहिलं. सेल्वा आमच्याकडे पाठ करून वायर गुंडाळत होता. त्यांनी हाक मारली. तो वळला नाही. त्यांनी पुन्हा मारली, तशीच, नेहमीच्या आवाजात. तो वायर गुंडाळत राहिला.

आमचा अल्बम मार्गळीत निघाला. मार्गळी म्हणजे या शहराचा संगीताचा महिना. सभागृहं भरतात, पहाटे रांगोळ्या, दुपारी मैफली, आणि वर्तमानपत्रात रोज पानभर कौतुक. त्या मैफली चांगल्या असतात, मी नाही म्हणत नाही. पण त्या वर्षी या शहराने चार असे अल्बम काढले होते जे याच शहरात होऊ शकतात, आणि त्यांच्यावर एका ओळीचं कौतुक कुठे आलं नाही. आमच्या अल्बमचं नाव 'मुदल अडी', पहिला ठोका. त्यात प्रेस आहे. कार्तिकने तो काढायचा नाही असं ठरवलं, आणि ते बरोबर होतं. तुम्ही ऐकलात तर तुम्हाला तो लगेच ओळखू येईल. सगळ्या अल्बममध्ये तेवढाच एक आवाज आहे जो कोणी प्रेमाने काढलेला नाही.

कारखान्यात त्या दसऱ्याच्या पुढच्याच महिन्यात खिळ्यांवर कान झाकायची साधनं टांगलेली दिसली. मामांनी त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. पहिले काही दिवस ती नुसती लटकत होती. "डायचा आवाज कसा कळणार?" हा प्रश्न होताच. सेल्वाने घातली. काही दिवसांनी म्हणाला, डायचा ठोका बदलला तर तो हाताला कळतो, टेबल वेगळं थरथरतं. मग बाकीच्यांनी घातली. जो काढेल त्याला चहा नाही, असा मामांचा नियम झाला. हे अप्पांच्या पत्रकातलं वाक्य नाही. पण मला चालतं.

सेल्वाचा आलेख तिथेच थांबला आहे, दर वर्षी तपासतात. गेलेलं आलं नाही.

गेल्या आयुधपूजेला आम्ही त्या मागच्या खोलीत पुन्हा जमलो. मामाही येऊन बसले. भारतीने चारही अल्बम लावले, आमचा शेवटी. शेवटचं गाणं संपायला आलं तशी ती वर्गातल्यासारखी म्हणाली, "सगळ्यांनी हात वर करा. ऐकू येतंय तोवर खाली आणायचा नाही. डोळे मिटा."

घाव पडला. मी जरा वेळाने डोळे किलकिले केले. कार्तिकचा हात वर होता, भारतीचा होता, माझा होता. सेल्वाचा हळूहळू खाली येत होता, जड वस्तू ठेवावी तसा. मामांचा हात केव्हाच मांडीवर होता. सेल्वाच्याही आधी. त्यांनी डोळे उघडले आणि आमच्या वर असलेल्या हातांकडे पाहिलं.

"अजून आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे, मामा," भारती म्हणाली.

"कसं आहे?"

आमच्याआधी सेल्वाच म्हणाला, "पावसात तार चमकते ना मामा, तसं." मामा मान हलवत राहिले आणि आम्ही तिघं हात वर धरून बसलो, कारण ते खरंच अजून होतं.

परवा खंडेनवमी आहे. तुम्ही पूजा करा की करू नका, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मेटल आवडून घ्या असाही आग्रह नाही. पण तुमच्या घरात कोणीतरी मागावर, लेथवर, गिरणीत, छापखान्यात, बसच्या इंजिनाशेजारी आयुष्य काढलेलं असेल. टीव्ही मोठा लावतो म्हणून तुम्ही त्याच्यावर वैतागत असाल. परवा देवघरातली घंटा एकदाच वाजवा आणि हात स्थिर धरा. सगळ्यांना डोळे मिटून हात वर करायला सांगा. ज्याचा हात सर्वांत आधी खाली येईल, त्याला या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा.